उथळ बाजूला

मंगळवारी सकाळी सव्वानऊला
हडर्सफील्डच्या तरणतलावात
साठीपुढच्यांचा तास असतो.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून यायचं
आणि आत येऊन अंगावरचे कपडे उतरवायचे,
हे पटायला मला सहा वर्षं लागली.
आणि एक गुडघा.

डॉक्टरीण म्हणाली, पाण्यात वजन जाणवत नाही.
म्हटलं, बाई, एकाहत्तर वर्षांचं साठलेलं आहे,
ते कुठं जातंय!

आधी चष्मा काढायचा.
मग कानातलं यंत्र.
मग बांगड्या; त्या आताशा साबण लावल्याशिवाय निघत नाहीत.
सगळं पोळीच्या जुन्या डब्यात,
आणि डबा यांच्या मांडीवर.
हे वर गॅलरीत कोट न काढता बसतात,
शब्दकोड्यात डोकं घालून.
यांचे पाण्याशी संबंध आंघोळीपुरते.

खाली सगळं धूसर आणि गप्प.
माणसं नाहीत, नुसत्या रंगीत टोप्या.
पांढरी ती ग्लेनिस, चौऱ्याऐंशीची,
नव्या खुब्यानं पाण्यात उलटी चालते.
हिरवी ती बोहदानची,
गिरणीत उमेद घालवली, छातीवर टाक्यांची लांब शिवण.
टोपी नसलेला डेलरॉय. चाळीस वर्षं बस चालवली त्यानं,
आता तेलात पुरी यावी तसा अलगद वर येतो
आणि तसाच राहतो.

शिकवणारी कीली माझ्या नातीएवढी.
ती ओरडते ते मला ऐकू येत नाही,
म्हणून गाल फुगवून दाखवते:
तोंड पाण्यात घाल, फुंक.
पोरी, फुंकायचं काय शिकवतेस,
आठव्या वर्षापासून चूल फुंकलीय.

त्याच वर्षी अंदरसूलच्या मळ्यात
काकांनी भावांच्या कमरेला पांगाऱ्याचे ओंडके बांधले
आणि एकेकाला थारोळ्यावरून खाली ढकललं.
धप्प. मग शिव्या. मग हसणं.
मी बांधावर.
मांडीवर तिघांचे सदरे, तिघांच्या चड्ड्या,
एक ताईत, दोऱ्यातून सुटलेला.
“गोदे, वाऱ्यानं उडतील, नीट धर.”
नाव नदीचं ठेवलं होतं.
मी नीट धरले.

आज दांडा सोडला.
ठरवून नाही; बोटं गारठली होती, सुटला.
पाय खालून निघाले, कुणाचे तरी असल्यासारखे,
नाकात औषधाचं पाणी, कपाळात झिणझिण,
आणि तरी मी बुडत नव्हते.
हात मारला. अजून एक. फुंकलं.
दांड्यापासून ग्लेनिसपर्यंत गेले.
बारा फूट असेल.
ग्लेनिस उलटी चालते, म्हणजे चौदा.
वर पाहिलं तर गॅलरीत एक कोट उभा होता.
टाळ्या वाजवत असेल, किंवा
कोड्याचा शब्द सापडला असेल.
विचारलं नाही.

दुपारी धाकट्याला फोन लावला.
तिकडे जेवणं उरकली होती.
“खोल किती गं?”
“छातीएवढं.”
“हॅत्! आपल्या विहिरीला पाच परस पाणी असायचं.”
“ठाऊक आहे. वरून मीच तर बघत होते.”

तो गप्प झाला.
मागे टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.
आता त्याला जिना चढवत नाही, खाट खाली आणलीय,
हे मला वहिनीकडून कळलेलं, त्यानं सांगितलेलं नाही.
मग हळूच म्हणाला,
“गुडघ्याला खरंच फरक पडतो का?”

म्हटलं, पडतो. ये इकडं, शिकवते.
कपड्यांचं मात्र तुझं तू बघायचं.
कपाट आहे. एक पौंड घालावा लागतो,
जाताना तो परत मिळतो.